चढावर बंद न पडलेली गाडी

इरा आणि निषाद, आपली जुनी गाडी चढावर बंद पडते. हा तिचा दोष नसून स्वभाव आहे, आणि मी तो केव्हाच मान्य केला आहे.

तुमच्या समीरमामाला मात्र ते पटत नाही. शेजाऱ्यांनी छप्पर उघडणारी नवी गाडी घेतली आणि त्याला आपलं बंद छप्पर सलू लागलं. (लोणावळ्यात! जिथे पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांनाही बुरशी येते, तिथे छप्पर उघडून बघायचं काय?) मी एकदा बसले त्या गाडीत. पट्टा लावेपर्यंत ती माझ्यावर ओरडत होती. या वयात माझ्यावर ओरडायला घरात माणसं आहेत, त्यासाठी वेगळी गाडी नको. शिवाय तुमची आई सासरी गेली ती आपल्या जुन्या गाडीतून, आणि तुम्ही दोघं दवाखान्यातून घरी आलात तेही तिच्यातूनच. विकायची नाही, असं मी बजावलं.

"आई, एकदा गिऱ्हाइकाला दाखव. त्यांना नाही आवडली, तर मी पुन्हा विषय काढणार नाही," समीर म्हणाला.

हा शब्द मी घट्ट धरला. गाडी नावडली की झालं!

रविवारी कामशेतचे तांदळाचे व्यापारी बबनभाऊ आले. मी एक अक्षर खोटं बोलले नाही. मागचं दार फक्त बाहेरून उघडतं, हे सांगितलं. मग पोरं पडायची न्हाईत, म्हणाले. काचा हाताने फिरवाव्या लागतात. बरंय, बिघडायला काय न्हाई. पाऊस आतही येतो. त्यावर ते म्हणाले, आमच्या घरात बी येतो. एवढा समजूतदार माणूस मी जन्मात पाहिला नव्हता, आणि तो नेमका गाडी घ्यायला यावा!

मग मीच चक्कर मारून आणते म्हटलं. भाऊ शेजारी बसले, समीर मागे. मी तुंगार्लीच्या धरणाचा चढ निवडला. तिथे ती हमखास बंद पडते.

त्या दिवशी ती शेळीसारखी तुरुतुरु चढली. मी आरशातून समीरकडे पाहिलं.

"कालच गॅरेजमधून आणली," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला.

असं होय! मी ऐन चढावर तिसरा गिअर टाकला. गाडी कण्हली, पण चढली. चौथा टाकला. मग हँडब्रेक ओढून ठेवला आणि क्लचवर पाय टेकवून बसले. जळका वास सुटला. भाऊंची मान सासूच्या प्रत्येक बोलण्याला होकार देणाऱ्या नव्या सुनेसारखी हलत होती. मागून समीर नुसता "आई, आई" करत होता. आणि जी गाडी एरवी एका खड्ड्याचं निमित्त करून बसते, ती आम्हाला थेट धरणापाशी घेऊन गेली.

भाऊ उतरले. दमलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा त्यांनी बॉनेटवर हात ठेवला.

"गाडी लय गुणाची हाय, मावशी. पन मला न्हाई घ्यायची."

"का हो? चढली की छान," मी आनंद लपवत विचारलं.

"चढली. पन तुमी रोज अशीच चालवत असाल, तर आत काय उरलं असंल?"

बाळांनो, मी पेचात पडले. खरं सांगावं तर गाडी जाते. न सांगावं तर इतक्या वर्षांच्या चालवण्याची अब्रू जाते. मी पदर सावरला आणि म्हणाले, "हो, रोज अशीच चालवते."

भाऊ परत गाडीत बसायला तयार होईनात. चढ पायीच उतरून गेले. समीरने मात्र शब्द पाळला, आणि गाडी आपल्या दारात राहिली.

भाऊंनी वाटेत कोणाकोणाला काय सांगितलं, देव जाणे. आता बाजारात माझी गाडी वळताना दिसली की भाजीवाल्या आपापल्या पाट्या मागे ओढतात. ओढू देत. नव्या गाड्यांना तासन्‌तास सापडत नाही ती पार्किंगची जागा मला रोज अगदी पुढे मिळते.