उरलेले अडतीस मैल

लोकहो, पाय अजून थरथरतायत, तरी लिहितोय.

एप्रिलमध्ये नोकरी गेली. व्हिसाचे थोडेच आठवडे उरलेत आणि रोज कुठून तरी नकार येतो. म्हणून मागच्या आठवड्यात इथे ग्रुपवर सांगून बसलो की एका दिवसात शंभर मैल सायकल चालवणार. एक तरी गोष्ट पूर्ण करायची होती.

आज सकाळी इथल्या, इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या घरून निघालो. पाऊस, समोरून वारा, दोन पंक्चर. दुपारी घरी पोचलो तेव्हा मीटरवर शंभर होते. दारातच हँडलवर डोकं टेकून रडलो.

माझ्या बायकोने, मेघनाने, मीटर बघितला. "अरे, हे किलोमीटर आहेत."

सेटिंग माझंच. पुण्याची सवय. अजून अडतीस मैल बाकी होते.

"राहू दे ना," ती म्हणाली. "कुणाला कळणार आहे?"

मला कळलं होतं. ओले बूट पायात तसेच ठेवून परत निघालो. चढावर तर सायकल ढकलत नेली.

रात्री साडेआठला मीटरवर १६१ आले, म्हणजे शंभर मैल. आनंद वगैरे काही झाला नाही.

मेघनाने विचारलं, "आता मैलांवर करून ठेवू?"

पुढच्या महिन्यात ही सायकल कुठल्या देशात असेल, तुमच्यापैकी कुणाला सांगता येईल?