हेडक्लार्क डोंगर निघाले

ओळखपत्राचे फोटो काढण्यात फोटोवाल्या काकांची तीस वर्षं गेली. हनुवटी वर, खांदे सैल, हसू नका. यापलीकडे त्यांनी गिऱ्हाइकाशी कधी बोलणं वाढवलं नाही. जुन्या कॅमेऱ्याने मान टाकली तेव्हा मेहुण्याने आपला डिजिटल कॅमेरा आणून दिला.

"दाजी, यात डोकं चालवायचंच नाही. समोर काय आहे ते हाच ओळखतो. माणूस असला तर चेहऱ्याचं चिन्ह, निसर्ग असला तर डोंगराचं. तुम्ही फक्त बटण दाबा."

पहिले आले नोंदणी कार्यालयातले हेडक्लार्क. ते स्टुलावर बसले आणि पडद्यावर डोंगर उमटला. काकांनी कॅमेरा बंद करून पुन्हा लावला. पुन्हा डोंगर. फोटोत साहेबांच्या गालांवर चक्क हिरवळ दाटली होती.

"हा डोंगर कसला?"

खोटं बोलणं काकांच्या जिभेला जमत नसे. "कॅमेऱ्याला तुम्ही डोंगर वाटलात."

हेडक्लार्कांनी फोटो हातात घेऊन निरखला. मग उठून त्यांनी कॉलर नीट केली. "घरी कुणाला पटत नाही हो," म्हणाले, आणि तोच हिरवा फोटो जपून घेऊन गेले.

दुपारपर्यंत अख्खं कार्यालय दारात. ओळखपत्र कुणालाच नको होतं. आपण कोण, एवढंच विचारायचं होतं. टायपिस्टबाई सूर्यास्त निघाल्या आणि डोळे पुसत गेल्या. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना ताटलीचं चिन्ह आलं, म्हणजे खाद्यपदार्थ. ते तडक घरी जाऊन कोट-टाय चढवून आले. पुन्हा ताटलीच.

"शिकलेला माणूस आहे मी!" ते कॅमेऱ्यावर ओरडले.

"गोड की तिखट?" रांगेतून कुणीतरी विचारलं, आणि हातघाईवर यायचंच काय ते बाकी राहिलं.

गर्दी पांगल्यावर काकू पुढे झाल्या. "माझा काढा."

काकांनी कॅमेरा पाठीमागे घेतला. "अगं, तुझा कशाला?"

"का? मी कोण ते मला कळायला नको?"

चिन्हं भराभर बदलू लागली. फूल, आतषबाजी, मांजराचा पंजा. अखेर एक कागद स्थिरावला.

"काय निघाले?"

"मजकूर. म्हणजे... वाचायचं काहीतरी."

"मग तीस वर्षं नुसतीच पानं उलटलीत?"

काकूंनी कॅमेरा ओढून घेतला आणि त्यांच्यावर रोखला. बर्फ! त्या पोट धरून हसल्या. "निदान सदरा पांढराशुभ्र धुतला जातो, एवढं तरी आलं कुणाच्या नजरेत!"

त्या संध्याकाळी काकांनी दुकान लवकर बंद केलं, काकूंसमोर खुर्ची ओढली आणि चष्मा पुसून म्हणाले, "बरं, पहिल्यापासून सांग."

आज तिसरा आठवडा. काकू अजून पाचव्या इयत्तेतच आहेत.