नातीच्या कानांची परीक्षा

गावच्या जत्रेतल्या नाटकात मी वर्षानुवर्षं राक्षस होतो. माझी पहिली आरोळी ऐकली की पुढच्या रांगेतली मुलं आईच्या पदराखाली शिरायची. तीच आरोळी मी मुळगावच्या घरी पाळण्यापाशी उभा राहून ठोकली. तीन महिन्यांच्या नातीची पापणीसुद्धा हलली नाही.

"अवो, पुरे झाला," बायको म्हणाली. "चेडू निजलाच आसा. शेजारचो कुत्रो मात्र पळालो."

त्याआधी ताट बडवून झालं होतं, देवघरातली घंटाही. आम्ही दोघं हसत होतो. सून हसत नव्हती. जन्मल्यावर करायची कानांची तपासणी राहून गेली होती. "बाबा, हिका ऐकाकच येत नसात तर?" तिनं विचारलं, आणि मी म्हापशाची बस कधी आहे ते बघायला उठलो.

म्हापशाच्या दवाखान्यात तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "बाळ गाढ झोपलेलं हवं. मग कानात बारीक आवाज सोडून बघते." खोली इतकी शांत की माझ्या पोटातली गुरगुर सगळ्यांना ऐकू गेली. नातीनं डोळे टक्क उघडले आणि भोकाड पसरलं. दूध झालं, थोपटणं झालं, बायकोची अंगाई झाली. छे!

"घराकडे खाणीचे ट्रक जातत ना, तेव्हाच ती निजता," सून पुटपुटली.

खरंच की! पोटात होती तेव्हापासून पोरीला तीच घरघर. पण ती आवाजानं निजते की नुसत्या हादऱ्यानं, हे अजून कळायचं होतं.

मी नातीला उचललं आणि जवळचा बसस्टँड गाठला. पेडण्याची बस घरघरत उभी होती. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसलो.

"काका, खंय?" कंडक्टर.

"खंयच नाय. चेडवाक निजवतंय."

"मगे गाडी बंद करू?"

"बंद करशीत तर बघ!"

ड्रायव्हर भला माणूस. त्यानं मागे बघितलं आणि ॲक्सिलरेटर हलकेच दाबला. नात घोरायला लागली. काठोकाठ भरलेली तुपाची वाटी न्यावी तसा मी तिला घेऊन परतलो.

बाईंनी एक कान तपासला, मग दुसरा. सुनेनं माझ्या शर्टाची बाही घट्ट धरली होती.

"दोन्ही कान उत्तम," बाई म्हणाल्या. "गोंगाटाची सवय झालीय, एवढंच. तिच्याशी भरपूर बोलत जा."

गेले कित्येक दिवस सून बाळाशी बोलतच नव्हती, हे मला घरी परतताना डिचोलीच्या बसमध्ये बसल्यावर उमगलं. आता खिडकीबाहेरची नदी, मासळी, म्हशी दाखवत ती लेकीच्या कानाशी लागली होती: ही बघ न्हंय, हो नुस्त्यांचो टेम्पो, ती बघ म्हस कशी वाटेर बसली हा!

"अगो, जरा दम खा," बायको म्हणाली.

"नाय आई. तिका ऐकाक येता."