पासवर्ड मागणारा फोन

माझ्यासोबत ड्यूटीवर असलेल्या सरिताताईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला, म्हणून आत्ता या नळाकडे बघवतंय. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसबाहेर एक बाई लेकराची बाटली भरतेय, निर्धास्त. तिला आमची नावंही ठाऊक नाहीत.

सकाळी कुणीतरी फोनवर ‘कॉम्प्युटर बसवणाऱ्या कंपनीतून बोलतोय’ म्हणत पाण्यात क्लोरीन सोडणाऱ्या कॉम्प्युटरचा पासवर्ड मागितला. माझी शाळा सातवीतच सुटली. साहेबी आवाज आला की मी आपोआप उभा राहतो. सांगणारच होतो.

“ठेवा दादा, आम्हीच कंपनीला फोन लावतो,” ताई त्याला म्हणाल्या. तिकडून फोन कटला.

“काय रे, घराची किल्लीपण अशीच देतोस?” ताई माझ्याकडे वळल्या.

या परक्या गावात मला रागावणारं एवढंच माणूस. कधीतरी ताईही थकून चुकतील; त्या दिवशी त्यांच्या हातातला फोन मी काढून घेईन.