हवालदार आप्पांची साक्ष

‘आपण एकदा पाकिस्तानात घुसून त्यांना दाखवलंच पाहिजे,’ असं दूध डेअरीवर कुणी म्हणालं, की हवालदार आप्पा हातातली किटली खाली ठेवायचे आणि विचारायचे, "आपण म्हंजी कोण कोण? नावं सांग." समोरचा गांगरून इकडेतिकडे बघायचा. आप्पा त्याला सोडत नसत. "तू येनार? तुझा थोरला येनार? मंग कवा निघायचं ते बोल. भाकरी बांधून घ्याय पायजेत. तिकडं वर काय मिळत न्हाई." रांगेतले लोक हसायचे आणि तो माणूस दुसऱ्या दिवसापासून आप्पांच्या आधी दूध घालून जायचा.

आप्पा आमचे शेजारी. आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत. मी शिरूरची, लग्न होऊन दौंड तालुक्यातल्या राहूजवळच्या या गावात आले आणि इथल्याच प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले. आप्पांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण गावात त्यांचं नाव निघालं की अजून लोक तोंड वाकडं करतात. म्हणतात, ‘भावाच्या वाट्यासाठी वहिनीचं कुंकू पुसायला निघाला होता तो!’ मला ते ऐकवत नाही. तळपायाची आग मस्तकाला जाते. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आप्पा काही देवमाणूस नव्हते, हे आधीच सांगते. जिभेला हाड नव्हतं. माझ्या सासऱ्यांशी त्यांनी शेताच्या बांधावरून सात वर्षं अबोला धरला होता. सासरे नांगरताना दरसाल बांध थोडा कोरतात, असा त्यांचा आरोप. (कोरायचे ते. आमच्याकडे कोण कोरत नाही?) एकदा मी त्यांना टोकलंच, "आप्पा, दुसऱ्यांना लढाईवरून एवढं बोलता आणि स्वतः वीतभर बांधासाठी भांडता!" तर म्हणाले, "बाई, हितं मी सोता काठी घिऊन उभा हाय. भांडान माझं, डोस्कं बी माझंच फुटंल. आयजीच्या जिवावर बायजी उदार, तसलं न्हाई माझं."

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात आपल्या देशाने अणुचाचण्या केल्या, तेव्हा सोसायटीच्या चेअरमननी डेअरीवर पेढे वाटले. आप्पांना गोडाची भारी आवड. त्यांनी दोन घेतले, दोन्ही खाल्ले, धोतराला हात पुसला आणि विचारलं, "आन् त्यांनी बी केला मंग?"

"त्यांची काय टाप हाय, आप्पा!" चेअरमन म्हणाले.

"टाप कशाला लागती? बाँब काय मळणीयंत्र हाय व्हय, गावात एकट्याकडं आसलं की भाडं मिळायला?"

महिना संपायच्या आत पलीकडच्यांनीही चाचण्या केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा डेअरीवर गेले आणि भर रांगेत चेअरमनसमोर हात पसरून उभे राहिले. "चेअरमन, पेढं?" चेअरमन काळेनिळे झाले. त्या दिवसापासून लोक माघारी आप्पांना ‘पाकिस्तानी हवालदार’ म्हणू लागले. बंदूक कशी धरतात हेही ज्यांना ठाऊक नाही, असल्या लोकांनी हे म्हणावं!

आप्पा एवढे कडू का झाले होते, ते मला बराच काळ कळलं नाही. ते आणि त्यांचे थोरले भाऊ ज्ञानूदादा एकाच पलटणीत होते. पासष्टच्या लढाईत दोघेही वर डोंगरात गेले. आप्पा परत आले. ज्ञानूदादा आले नाहीत. सरकारने कळवलं, ‘बेपत्ता’. ज्ञानूदादांची बायको सरूकाकी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची होती, मूलबाळ नव्हतं. ‘बेपत्ता’ म्हणजे मेला नाही, एवढंच तिने धरलं आणि कपाळावरचं कुंकू कधी उतरवलं नाही. रुपयाएवढं ठसठशीत कुंकू लावून ती दर वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळायला यायची. बायका तोंडावर काही बोलत नसत, माघारी डोळे मिचकावत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणी तिला बोलवायचं, कुणी मुद्दाम विसरायचं. ती आपली बोलावलं तर जायची, नाही बोलावलं तर दारात बसून तांदूळ निवडायची.

आप्पांची बायको लवकर गेली. मुलगा रांजणगावच्या कंपनीत लागला, तो तिकडेच राहायचा. त्यामुळे घरात दीर-भावजय दोघेच. सरूकाकीच्या हातची भाकरी खाऊन आप्पा तिच्याशी मात्र मान खाली घालून बोलायचे. सगळ्या गावाला टोचून बोलणारा माणूस, पण वटपौर्णिमेच्या दिवशी गावात थांबायचा नाही. पहाटेच उठून शेतावर निघून जायचा.

नव्याण्णव साली वर डोंगरात पुन्हा लढाई पेटली. गल्लीत टीव्ही आमच्याकडेच. संध्याकाळी माझी पडवी माणसांनी भरायची. कुणाकडे किती विमानं, कुणाकडे किती रणगाडे, याचा हिशोब चालायचा. आप्पा दाराच्या चौकटीला टेकून उभे असायचे. "रणगाडा डोंगर चढतो का रं?" असं एकदा त्यांनी विचारलं, तर चेअरमननी टीव्हीचा आवाज वाढवायला लावला. सरूकाकी सगळ्यात पुढे बसायची. तिला विमानं-रणगाड्यांशी देणंघेणं नव्हतं. ती पडद्यावरचे चेहरे बघायची.

त्यातच तिकडे पकडला गेलेला आपला एक वैमानिक सुटून आला. टीव्हीवर दाखवला. सरूकाकी ताडकन उठून उभी राहिली. "सोडत्यात!" ती म्हणाली. "बाई, बघितलं का? सोडत्यात ती मानसं!" पाठोपाठ कुणीतरी वर्तमानपत्रातलं वाचून दाखवलं, की जुन्या लढायांमधले काही जवान अजून तिकडच्या तुरुंगात असावेत. झालं! त्या दिवसापासून काकीच्या अंगात वारं शिरलं. घर सारवून काढलं, ज्ञानूदादांचा जुना कोट उन्हात टाकला. आप्पा आमच्या ओसरीवर येऊन नुसते बसून राहायचे, चहा दिला तरी तसाच गार व्हायचा.

आणि याचा वास एका पुढाऱ्याला लागला. तालुक्यात नवीनच वर येत होता, निवडणूक तोंडावर होती. तो जीप घेऊन आला, काकीच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "मावशी, दौंडला आपली सभा आहे. तुम्हाला स्टेजवर बसवतो. सगळ्या देशाला कळू दे, आमच्या तालुक्याचा वाघ तिकडं कोंडलाय. आणतोच बघा त्यांना सोडवून!" काकी घळाघळा रडली. पडवीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

जीप गेली आणि आप्पा आत आले. माझ्या पडवीत, चेअरमन आणि इतर चार माणसांच्या देखत, ते काकीसमोर उकिडवे बसले.

"वहिनी, तितं जाऊ नगा. दादा न्हाई. दादा त्याच दिशी गेला, माझ्या डोळ्यादेखत."

आप्पा जमिनीकडे बघत बोलत होते.

"सकाळच्या पारी आमी टेकडी घेतली व्हती. दादा धोंड्याला टेकून तमाखू मळीत व्हता. मला म्हनला, ‘घे.’ म्या हात फुडं केला आन् गोळा पडला. दादा पल्याडच्या घळीत गेला. म्या वरनं बघितला, वहिनी. निम्मा बी ऱ्हायला न्हवता. लढाई थांबली तवा टेकडी आमच्याकडं आन् घळ त्यांच्याकडं. साहेब म्हनलं, मागनं आणू, तवर कागदावर बेपत्ता लिवू. मंग बर्फ पडलं. आन् बर्फ वितळायच्या आत हुकूम आला, टेकडी माघारी द्यायची. कुठंतरी सह्या झाल्या व्हत्या. आमी खाली उतरलो, ते वर चढलं. वाटंत एकमेकांच्या तोंडाकडं बघत बघत. दादा तितंच हाय."

काकी त्यांच्याकडे एकटक बघत होती. मग म्हणाली, "आन् चौतीस वर्सं मूग गिळून बसला व्हता?"

"आईला सांगितलं व्हतं. ती म्हनली, मी हाय तवर सुनंला बोलू नगं. आई गेली तवा माझी जीभ उचलंना. आज उद्या, आज उद्या करत..."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं होती. ज्ञानूदादांचं नाव तसंच असल्यामुळे आप्पांच्या मुलाला शेतावरच्या पाइपलाइनसाठी कर्ज काढता येत नव्हतं. महिनाभरापूर्वीच तो तलाठ्याकडे विचारायला गेला होता, की एवढ्या वर्षांनी चुलत्यांची मयत नोंद होईल का. आप्पांनी त्याला भर रस्त्यात शिव्या घालून परत पाठवलं होतं. पण गावाला शिव्या दिसल्या नाहीत, नोंदीची चौकशी तेवढी दिसली. काकीलाही तेच आठवलं असणार.

"भावजी," ती उठत म्हणाली, "तुमाला जमीन पायजे ना? घ्या. समदी घ्या. पर माज्या कपाळाला हात लावू नगा."

चेअरमननी खाकरून बाकीच्यांकडे बघितलं. त्या एका खाकरण्याने गावाचा निकाल लागला. आप्पा उकिडवेच बसून राहिले. शेवटी मीच त्यांना हाताला धरून उठवलं. त्या दिवशी काकीने तिची चूल वेगळी केली.

दौंडच्या सभेला तिच्यासोबत मी गेले, एकटी कशी सोडणार? नेताना जीप आली होती. काकीला शाल, श्रीफळ, हार, फोटो. पुढारी तिचा हात वर धरून ओरडला, "हिचा नवरा परत येईपर्यंत आम्ही स्वस्थ बसणार नाही!" लोक घोषणा देत होते आणि काकी मंचावरून एकेका माणसाला नमस्कार करत होती. सभा संपली तेव्हा जीप कुठे दिसेना. हार गळ्यात तसाच ठेवून ती माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत आली. केडगावपर्यंत रेल्वेने आलो, पुढे वडापच्या खचाखच भरलेल्या गाडीने. पुढारी निवडून आला. त्यानंतर त्याचं तोंड आमच्या गल्लीने बघितलं नाही. मेल्याला एक निरोपसुद्धा पाठवता आला नाही!

पुढची पाच-सहा वर्षं दीर-भावजय एका छपराखाली न बोलता राहिले. आप्पा काकीच्या वाट्याचं शेत आधी नांगरायचे, मग आपलं. पिकाचं पोतं तिच्या दाराशी टेकवून ठेवायचे. ती ते पोतं आधी शेजारणींना दाखवून मग आत घ्यायची. दीर काही लबाडी करतो का, हे बघायला तिने साक्षीदार ठेवले होते! आप्पा डेअरीवर जायचे, पण आता त्यांच्या बोलण्याला कुणी हसत नसे. त्यांनी एखादा प्रश्न विचारला, की कुणीतरी हमखास म्हणायचं, "आप्पा, तुम्ही आपली जमीन सांभाळा." मग त्यांनी बोलणंच सोडलं. मुलाला मात्र एकदा खडसावून सांगितलं, की वहिनी आहे तोवर दादाचं नाव सातबाऱ्यावरून हलता कामा नये. ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. मी सांगायला गेले तर लोक म्हणाले, "बाई, तुम्हाला ऐकू यावं म्हणूनच मोठ्यांदा बोलले असतील."

एका थंडीत सरूकाकी गेली. सकाळी अंगणात शेणसडा टाकता टाकता बसली ती उठलीच नाही. बायका जमल्या. पाणी तापलं आणि आंघोळ घालायची वेळ आली तशी म्हातारी इठाबाई थबकली. "आगं, पर हिला न्यायची कशी? सवाष्णीवानी का रांडमुंडवानी?" सवाष्ण म्हटली की हिरवी साडी, हिरवा चुडा, मळवट, ओटी. नाहीतर यातलं काहीच नाही, आणि कपाळावरचं आहे तेही पुसायचं. बायकांमध्ये दोन तट पडले. एक म्हणाली, तिने मानलं ते खरं. दुसरी म्हणाली, देवाच्या दारात खोटं चालत नाही. शेवटी इठाबाई मला म्हणाली, "बाई, तू भायेर जाऊन हवालदाराला ईचार. बघितल्यालं त्या एकट्यानंच हाय. त्यो म्हनंल तसं."

बाहेर पुरुषमाणसं बसली होती. आप्पा तिरडीचे बांबू बांधत होते. मी विचारलं. त्यांनी सुतळीची गाठ आवळली आणि म्हणाले, "सवाष्ण हाय."

चेअरमन पुढे सरसावले. "आप्पा, तवा तर तुमी म्हनला व्हता, ज्ञानूदादा गेला. आमच्यासमोर. डोळ्यांनी बघितला म्हनला व्हता."

"व्हय."

"मंग ते खोटं?"

आप्पांनी एकदा घराच्या दाराकडे बघितलं. आत बायका थांबल्या होत्या, सगळं ऐकू जात होतं.

"खोटं," ते म्हणाले.

"कशापायी बोलला मंग?"

"जिमिनीपायी. आनखी कशापायी?"

चेअरमननी सगळ्यांकडे बघत मान हलवली. इतक्या वर्षांनी त्यांचं समाधान झालं होतं. इतका राग मला आयुष्यात कधी आला नाही. आप्पांची ती हकिगत मी ऐकली होती. पुढे केलेल्या हातापासून माघारी दिलेल्या टेकडीपर्यंत त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आप्पांनी माझ्याकडे बघून मानेनेच नको म्हटलं.

"बाई, तुमी आत जावा. साडी हिरवी काढा."

मी आत गेले आणि बायकांना सांगितलं, सवाष्ण आहे.