ओव्हरसियरसाहेबांचा विषय

मोटारीबद्दल बोलायला बसल्यावर मोटारीखेरीज एक अक्षर कोणाच्या तोंडून निघू न देणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच होऊन गेला, आणि आमचं नशीब असं की तो आमच्याच बाकावर बसायचा. रस्ते खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. त्यांना नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. आम्ही सारे नुसतं साहेब म्हणत असू. अमरावतीत बडनेरा रस्त्यावर एक गॅरेज होतं आणि त्याच्यासमोर कडुनिंबाखाली दोन लांब बाकं. साठच्या आसपासचा काळ. गावात मोटारी मोजक्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा आजारी. दर रविवारी सकाळी मोटारवाले आणि ड्रायव्हर असे दहा-अकरा जण तिथे जमायचे, आपापल्या गाडीचं दुखणं सांगायचे आणि दुसऱ्याच्या गाडीला औषध सुचवायचे. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं आणि एक जुनी मोटार होती, जी चालवण्यापेक्षा ढकलण्यातच माझी जास्त हयात गेली. त्यामुळे माझी हजेरी पक्की.

साहेब आले की आधी गॅरेजच्या दारावर खडूने विषय लिहीत. 'आजचा विषय : क्लच.' मग क्लच म्हणजे क्लच. ब्रेकचं नाव काढायचं नाही, ब्रेक पुढच्या रविवारी. कोणी घसरला की साहेब चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "विषयावर या." तोच पुन्हा घसरला की शिक्षा. गॅरेजात हवा भरायचा हातपंप होता. गुन्हेगाराने उठायचं आणि समोर जी गाडी असेल तिच्या चाकात पन्नास दट्टे हवा मारायची. मी जन्माचा बडबड्या. त्या वर्षांत माझ्या दंडांना जे बळ आलं ते तालमीत जाऊन आलं नसतं. एकदा साहेबच बोलून गेले की आज ऊन फार आहे. आम्ही एकमेकांकडे बघतोय तोवर साहेबांनी कोट काढून बाकावर ठेवला, पंप ओढला आणि साठी उलटलेल्या त्या माणसाने मोजून पन्नास दट्टे मारले. कोणी मदतीला उठला तर त्याच्यावर डोळे वटारले.

वरूडकडचे एक संत्रा बागायतदार आमच्यात होते. मुलीचं लग्न ठरलं म्हणून ते पेढे घेऊन आले. साहेब म्हणाले, "विषय रेडिएटर आहे." बागायतदार क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, "त्याच्यातलंच हाय साहेब, जावयाच्या गाडीचं रेडिएटर गळून राहिलं." साहेबांनी पेढा घेतला आणि रेडिएटर नेमकं कुठून गळतं याची पाऊण तास चौकशी केली. जावयाकडे सायकलसुद्धा नव्हती. सरकारी जीप चालवणारा सुखदेव मात्र असा लबाड नव्हता. एकदा विषय स्प्रिंगच्या पट्ट्यांचा होता, तर तो सरळ म्हणाला, "पट्ट्यांचा काय दोष साहेब, अकोल्याचा रस्ताच तसा हाय." तो रस्ता साहेबांच्याच देखरेखीखाली झालेला. साहेब शांतपणे म्हणाले, "रस्ता हा विषय नाही. पंपाकडे जा."

या माणसाचा मला संतापही यायचा. माझी आई गेली, तेरावा आटोपून मी पहिल्यांदा बाकावर आलो, आणि तोंड उघडणार तोच साहेब म्हणाले, "आज बॅटरी." मला वाटलं, हा माणूस आहे की जॅक? पण अर्धा तास बॅटरीच्या पाण्यावर भांडलो आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला. निघताना साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून मी त्यांना मनातल्या मनात शिव्या देणं बंद केलं.

मग एका वर्षी, कापूस फुटायच्या दिवसांत, साहेब उशिरा आले आणि दारावर एवढा मोठा विषय लिहिला की खडू संपला. 'मागच्या सीटवर आडव्या झोपलेल्या माणसाला साठ मैल धक्का बसू नये म्हणून काय करावे.' काय सांगू, आम्हाला नुसता चेव आला. एक म्हणाला, पट्ट्यांना तेल द्या. मी दोन गाद्या सांगितल्या, बागायतदारांनी तीन, आणि त्यावर आमची जुंपली. सुखदेव म्हणाला, "हवा थोडी कमी ठेवा साहेब. अन् मांगं वजन पायजे. एकटं हलकं माणूस असलं तं गाडी उडते. संगं दोन जण बसवा, पट्टे दबून राहतात." साहेब वहीत सारं लिहून घेत होते. सुखदेवने विचारलं, "पन साहेब, झोपनार कोन हाय?"

साहेबांची पेन्सिल थांबली. वर न बघता ते म्हणाले, "विषयावर या." दुसऱ्यांदा सांगायची वाट न बघता सुखदेव उठला आणि पंपाकडे गेला. आम्ही पुन्हा गाद्यांवर आलो. अकरा माणसं होतो, अकरा तोंडं होती, पण पुढे कोणी एका शब्दाने विचारलं नाही. नियम अंगात इतका मुरला होता.

पुढचे तीन रविवार साहेब आले नाहीत. राजापेठेत त्यांचं घर, बाकापासून दहा मिनिटांवर. आम्ही कोणी गेलो नाही. चौथ्या रविवारी ते आले, बाकावर बसले आणि टोपी काढली. डोक्यावरचे केस उतरवलेले होते. दारावर त्यांनी काही लिहिलं नाही. म्हणाले, "आज विषय नाही. बोला काहीही."

आणि कोणाला काही बोलता येईना. नऊ वर्षं आम्ही शेजारी बसलो होतो. त्यांच्या घरी कोण आहे, मूलबाळ आहे की नाही, कोणाला ठाऊक नव्हतं. शेवटी मला सुचलं ते मी विचारलं, "साहेब, गाडी कशी गेली?"

साहेबांचा चेहरा जरा सैल झाला. "चांगली गेली. हवा अठरा पौंडांवर ठेवली होती. मूर्तिजापूरपर्यंत ती एकदाही कण्हली नाही. पुढं थोडं लागलं तिला." मग हळूहळू सगळं सांगितलं. बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली, हाडांचं दुखणं. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तिने एकच मागितलं, अकोल्याला नेऊन भाऊ दाखवा. "भावाशी दोन दिवस बोलली. पुष्कळ बोलली."

सुखदेवने खाली बघत विचारलं, "गाडीत संगं कोन बसलं होतं साहेब?"

"कोण बसणार? आम्ही दोघंच. सीटसमोर सरकीची दोन पोती ठेवली. तू म्हणाला होतास ना, वजन पाहिजे."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. गाडीचं विचारलं होतं, तर गाडीचं सांगितलं. मी आलो असतो, माझी बायको आली असती, सुखदेव तर चालवायलाच बसला असता. मला तिथेच रडू आलं. धीर करून मी विचारलं, "कधी निघालात साहेब?"

"त्याच दिवशी," साहेब म्हणाले. "इथून गेल्यावर. बाराच्या सुमारास."

म्हणजे तो रविवार होता. दुकान बंद होतं, आणि मी गाद्यांचा वाद जिंकल्याच्या खुशीत घरी जेवून झोपलो होतो.