जावेची कबुली

२१ एप्रिल १९५७, रविवार. वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या भाजायला काढल्या होत्या. लालबागच्या आमच्या चाळीत त्या दिवसांत दारोदारी हेच चाललेलं असायचं, त्यामुळे हवालदार जिना चढून वर आला तो शिंकतच. माझ्या धाकट्या जावेची चौकशी करायला तो आला होता. ती गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या मशीनवर कामाला होती. दीर बोटीवर खलाशी, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. ती आणि तिची दोन मुलं आमच्याच खोलीत राहायची.

"काल संध्याकाळी जिन्यात एकाला डब्याने मारलं, ते तुम्हीच का?" हवालदाराने विचारलं.

"हो, मीच," ती म्हणाली आणि दोन्ही हात पुढे केले.

मला ही बातमी तेव्हाच कळली. आदल्या संध्याकाळी तिने घरी येऊन डबा घासला होता, मुलांना जेवायला वाढलं होतं आणि माझ्याशी भाताच्या पाण्यावरून वादही घातला होता.

मार खाल्लेला माणूस म्हणजे तळमजल्यावरच्या मुकादमाचा मेहुणा. जिन्याच्या अंधाऱ्या वळणावर तो बायकांची वाट अडवायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यावर आमचा उपाय काय, तर जोडीने चढायचं-उतरायचं. त्या दिवशी ती एकटी होती. त्याने तिचं मनगट धरून ओढलं, तिने दुसऱ्या हातातला पितळी डबा हाणला. त्याच्या गळ्याखालचं हाड मोडलं. त्याने चौकीत सांगितलं, की नळावरच्या भांडणाचा राग धरून बाईने हल्ला केला.

हवालदार म्हणाला, "हात खाली घ्या, बाई. बेड्या आणलेल्या नाहीत. आणि आधी तो तवा उतरवा कुणीतरी."

तिने हात पुढे केले त्याचं कारण मला समजलं होतं. आदल्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात आम्ही दोघी तुरुंगात जाऊन आलो होतो. तिथली रीत अंगात भिनली होती. केलं ते ताठ मानेने सांगायचं, बचाव करायचा नाही. वकील मागणाऱ्या बाईला बाकीच्या जणी टोमणे मारायच्या.

खालचा वाणी जामीन राहिला. गिरणीने मात्र निकाल लागेपर्यंत येऊ नको म्हणून सांगितलं. शिक्षा झाली असती तर तुरुंग होताच, वर नोकरीही कायमची गेली असती. मी तिला घेऊन गिरगावात एका वकिलांकडे गेले. सत्याग्रहातल्या बायकांची विचारपूस करायला ते तुरुंगात यायचे, म्हणून ओळख होती.

"गुन्हा कबूल आहे का विचारतील, तेव्हा नाही म्हणायचं," त्यांनी सांगितलं.

"मी मारलंय त्याला. नाय कशाला म्हणू?"

"अहो बाई, सत्याग्रहात तुम्ही कायदा मोडायलाच गेला होता. आता कायदा तुमच्या बाजूने आहे." त्यांनी जाडजूड पुस्तक काढून वाचून दाखवलं. अंगावर हात टाकणाऱ्याला, आपल्या बचावाला लागेल तेवढं मारायचा हक्क माणसाला आहे.

मी त्यांना ते पुन्हा वाचायला लावलं. सरकारचं पुस्तक म्हणजे आम्हाला आत टाकायचं साधन, एवढीच माझी समजूत. त्यात आमच्या जिन्याच्या वळणासाठीही काही लिहून ठेवलेलं असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. ट्राममध्ये तिकिटाची उरलेली मोड घ्यायलाही मी विसरले. जावेने विचारलं, "अक्का, तुला बरं नाय काय?"

कोर्टात पहिल्याच दिवशी तिने घोळ घातला. मॅजिस्ट्रेटांनी विचारलं आणि ही म्हणाली, "कबूल. मी मारलं." वकिलांनी डोळे मिटून घेतले. मॅजिस्ट्रेट वयस्कर होते. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"का मारलंत?"

"त्याने हात धरला म्हणून."

"मग ही गुन्ह्याची कबुली होत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी खटला पुढे चालवायला सांगितलं.

तिची जबानी व्हायला पावसाळा उलटला. समोरच्या वकिलाने विचारलं, "चाळ माणसांनी भरलेली. तुम्ही ओरडला का नाहीत?"

"ओरडले असते तर वरून चाळीस बाप्ये धावत आले असते. त्याला जिता ठेवला नसता."

"म्हणजे तुम्ही त्याचा जीव वाचवलात म्हणायचं?"

"मला माझा हात सोडवायचा होता. सुटला. मग वर गेले. मुलं उपाशी होती."

"पुन्हा नाही मारलंत?"

"हात सुटल्यावर कशाला मारू?"

बारा वर्षं ती माझ्याबरोबर एका चुलीवर रांधत होती. मी तिला ओळखत होते, म्हणजे तिच्या हाताने मीठ जास्त पडतं एवढं ओळखत होते. त्या अंधारात, मनगट दुसऱ्याच्या मुठीत असताना, वरच्या चाळीस माणसांचा राग तिने जोखला होता, आणि आपला कुठे थांबवायचा तेही. मी तिच्या जागी असते तर ओरडले असते. नाहीतर त्याला जिन्यावरून खाली पडेपर्यंत मारत राहिले असते. तिच्याकडे बघताना मी पदर सारखा केला, देवळात करतात तसा.

मॅजिस्ट्रेटांनी तिला निर्दोष सोडलं. बचावाला लागलं त्यापेक्षा जास्त बळ बाईने वापरलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. वकील तिला समजावून सांगायला लागले, तर ती म्हणाली, "समजलं. उद्यापासून कामावर जाऊ ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला भोंगा व्हायच्या आत मी तिच्याबरोबर गिरणीच्या फाटकाशी गेले. रखवालदाराने आम्हाला बाजूला उभं केलं आणि खात्यात विचारायला माणूस पाठवला. बायका आत जाताना तिच्याकडे वळून बघत होत्या. एकीने जाता जाता म्हटलं, "चल गो, तुझं मशीन त्या नव्या पोरीने पार बिघडवून ठेवलंय." माणूस परत आला आणि त्याने होकाराची मान डोलावली. ती आत गेली. फाटक बंद होईपर्यंत मी तिथे उभी राहिले आणि मग बाजारात जाऊन बोंबील घेतले.